चौथ्या सीटवरून

डोंबिवलीत रिक्षावाल्याशी भांडायचं नाही, असा नेम मी ३० जून २०२२ च्या रात्री केला आणि दोन-तीन किरकोळ अपवाद सोडले तर आजवर पाळला. त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास राजभवनात एकनाथ शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. टीव्हीवर खालून पट्टी सरकत होती : रिक्षाचालक ते मुख्यमंत्री. ती वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच सकाळी स्टेशनच्या पूर्वेला एका रिक्षावाल्याला मी, ‘तू स्वतःला समजतोस कोण?’ असं विचारलं होतं. तो उलट काही बोलला नव्हता. नुसता गालात हसला होता.

हिला हे सांगितलं तर ही कुकरची शिट्टी मोजता मोजता म्हणाली, ‘‘अहो, गाडीचा नंबर तरी बघितला होतात का?’’

तेव्हापासून मी नंबर बघतो. ‘एमएच ०४’ म्हणजे ठाणे, ‘एमएच ०५’ म्हणजे कल्याण. शिंदे ०४ चे. त्यामुळे ठाण्यातल्या रिक्षावाल्यांना मी ‘अहो दादा’ म्हणतो आणि आमच्या ०५ वाल्यांना नुसतंच ‘दादा’. पण सध्याच. पुढच्या निवडणुकीत काय होईल सांगता येत नाही.

रिक्षाचं आमच्याकडे काय स्थान आहे, ते बाहेरगावच्या माणसाला पटकन कळायचं नाही. पुण्याचा माणूस रिक्षात बसतो तो मीटरकडे बघत. आम्ही बसतो ते शेजाऱ्याच्या मांडीकडे बघत. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा. चौथी सीट कायद्यात नाही, रिक्षाच्या नकाशात नाही, पण ती आहे. ड्रायव्हरच्या डावीकडे, वीतभर. मी गेली तीस वर्षं तिथे बसून प्रवास करतोय. उजवी मांडी रिक्षात आणि डावी महापालिकेच्या हद्दीत. या जागेचे तोटे हाडवैद्य सांगेल, पण फायदा एकच आणि तो मोठा आहे : ड्रायव्हरचं तोंड तुमच्या कानापाशी येतं. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना शहर दिसतं, चौथ्या सीटवरच्याला शहर ऐकू येतं.

तिथेच मी शिंदे यांचा सगळा रूट पहिल्यांदा नीट ऐकला. जावळीतलं दरे गाव, तिथून ठाणे, वागळे इस्टेट, किसननगर. मंगला हायस्कूल, अकरावीपर्यंत शिक्षण, मग घर चालवायला रिक्षा. मग आनंद दिघे. १९८४ साली किसननगरचे शाखाप्रमुख, १९९७ साली नगरसेवक, २००४ साली आमदार, २०१४ साली मंत्री. मधे सुटलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन पुरं केलं. किसननगर ते टेंभीनाका, टेंभीनाका ते महापालिका, महापालिका ते मंत्रालय. मला हे सांगणारा रिक्षावाला आदरानं म्हणाला, ‘‘एवढं लांबचं भाडं शेअरमध्ये कुणी मारत नाही, काका.’’

मला मात्र त्यात आश्चर्य काहीच वाटलं नाही. तीन माणसं भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, चौथा आला तर त्याला नाही म्हणायचं नाही, कुणाला कुठे उतरवायचं हे त्याला आधी सांगायचं नाही, आणि चौकात पोलीस दिसला की चौथ्याला ‘जरा खाली उतरून पुढे चालत या’ म्हणायचं. हे ज्याला जमलं त्याला आघाडी-युतीचं सरकार चालवायला आणखी वेगळं काय शिकायचं असतं? २०१९ सालचं सरकार तीन पक्षांचं, तर देवेंद्र फडणवीस त्याला तीन चाकी म्हणून हसत. पुढे शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर रिक्षावरून टोला आला, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की रिक्षाच्या वेगापुढे मर्सिडीज फिकी पडली. आणि २ जुलै २०२३ ला अजित पवार आले, तेव्हा ह्याही सरकारला तिसरं चाक लागलं. चाकं तीनच राहिली, फक्त शोरूम बदललं.

मर्सिडीजची गोष्ट तिथेच संपत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग खुला व्हायच्या आधी दोघांनी त्यावरून एक फेरी मारली. गाडी मर्सिडीजच होती. चालवत होते फडणवीस, शेजारी बसले होते शिंदे. आयुष्यात गाडी चालवून पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगशेजारी बसून शांत राहणं किती अवघड जातं, ते आमच्याकडच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. मी एकदा एका रिक्षावाल्याला त्याच्या मेव्हण्याच्या रिक्षात चौथ्या सीटवर बसलेला पाहिला होता. स्टेशनपासून गांधीनगरपर्यंत तो बिचारा हवेत ब्रेक दाबत होता. शिंदे यांनी दाबला की नाही, ते फोटोत दिसत नाही.

आणि ह्याच्यावरही कडी म्हणजे, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा समृद्धी महामार्ग ज्या खात्याच्या देखरेखीखाली झाला, ते खातं बरीच वर्षं शिंदे यांच्याकडे होतं. त्या रस्त्यावर तीनचाकी वाहनांना मनाई आहे. माणूस कुठल्याही रस्त्यानं वर चढला तरी चालेल, पण ज्या वाहनानं चढला ते वाहन वर न्यायचं नाही, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे.

आमच्या डोंबिवलीचाही ह्या यादीत हक्काचा माणूस आहे. प्रताप सरनाईक. ते स्वतः सांगतात की उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी डोंबिवलीत रिक्षा चालवली. डिसेंबर २०२४ पासून ते राज्याचे परिवहन मंत्री आहेत. म्हणजे रिक्षाचं परमिट, बॅज, मीटर, भाडेवाढ, सगळं ज्याच्या टेबलावर येतं तो माणूस एके काळी स्वतः ‘मानपाडा, मानपाडा’ ओरडला असणार. त्यांनी खुर्ची घेतल्यावर दोन महिन्यांत, १ फेब्रुवारी २०२५ ला, रिक्षाचं किमान भाडं २३ रुपयांवरून २६ झालं. मी काही म्हणत नाही. मी फक्त तारखा सांगतोय.

हे सगळं मनात घोळत असतानाच माझ्या पुतणीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिच्या मुलीला शाळेत प्रकल्प दिला होता : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आधी काय काम करत होते. नात फोनवर म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्हाला माहितेय, लिंकन पोस्टमास्टर होते!’’ मला माहीत होतं. न्यू सेलम नावाच्या गावात १८३३ साली, आणि ते पत्रं टोपीत ठेवून वाटायला न्यायचे. त्याआधी त्यांनी भागीदारीत दुकान काढलं होतं आणि ते बुडवलंही होतं. बुडालेलं दुकान आणि सरकारी पोस्ट, ही कोणत्याही कोकणस्थाच्या घरात सांगण्यासारखी पार्श्वभूमी आहे. मी तिला सांगितलं की आमच्या कल्याणच्या पोस्टातही गोपाळराव जोशी नावाचे कारकून होते. त्यांना राष्ट्राध्यक्ष होता आलं नाही, पण कल्याणात जन्मलेल्या आपल्या बायकोला त्यांनी तुमच्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाला, डॉक्टर व्हायला धाडलं आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. नात म्हणाली, ‘‘पण आजोबा, प्रोजेक्टमध्ये प्रेसिडेंटच पाहिजेत.’’ शाळा कुठलीही असो, अभ्यासक्रमाबाहेरचं चालत नाही.

मग तिने यादी वाचून दाखवली. अँड्र्यू जॉन्सन शिंपी होते, टेनेसीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. हॅरी ट्रुमन यांनी कॅन्सस सिटीत मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, १९२२ साली ते बसलं आणि पुढे कित्येक वर्षं ते त्याची देणी फेडत राहिले. फडके रोडवर ज्यांनी असं दुकान टाकलंय ते ट्रुमनना नावानिशी ओळखत नसतील, पण दुःख ओळखतील. रोनाल्ड रेगन तरुणपणी नदीकाठी जीवरक्षक होते, त्यांनी ७७ जणांना बुडताना वाचवलं म्हणे. गारफिल्ड सोळा वर्षांचे असताना कालव्यातली बोट ओढणारी जनावरं हाकायचे आणि दीड महिन्यात चौदा वेळा पाण्यात पडले. हे ऐकून मला आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरचा पावसाळा आठवला. तिथे चौदाचा आकडा फार मोठा नाही. मोठी गोष्ट ही की गारफिल्डनी ते मोजले.

पण सगळ्यात जास्त धसका मी ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा घेतला. ते आधी एका जिल्ह्याचे शेरीफ होते आणि शेरीफ म्हणून त्यांनी दोन गुन्हेगारांना स्वतःच्या हातानं फाशी दिली. काम दुसऱ्यावर ढकलता आलं असतं, पण ढकललं नाही. नात आनंदानं म्हणाली, ‘‘आजोबा, तुमच्याकडे असे कुणी होते?’’ मी घाईघाईनं म्हटलं, ‘‘नाही गं बाळा, आमच्याकडे तिकीट कापतात.’’

मग मात्र माझाही स्वाभिमान जागा झाला. म्हटलं, आमची यादी काही कमी नाही. सुशीलकुमार शिंदे घे. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले. पट्टेवाल्याचं महत्त्व अमेरिकेतल्या मुलीला समजावताना माझी दमछाक झाली. कुठल्याही सरकारी कचेरीत जा. साहेब कोण आहे ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण साहेब ‘आहेत’ की ‘मीटिंगमध्ये आहेत’ हे स्टुलावर बसलेला माणूस ठरवतो. तिथे बसून शिकता शिकता सुशीलकुमार फौजदार झाले, मुंबईत सीआयडीत नोकरी केली, १९७१ साली ती सोडून राजकारणात आले, २००३ साली मुख्यमंत्री झाले आणि २०१२ साली देशाचे गृहमंत्री. म्हणजे ज्या खात्यात फौजदार म्हणून कडक सॅल्यूट ठोकला, त्याच खात्याचा सर्वांत वरचा सॅल्यूट घ्यायला बसले. दुसरं कोणी असतं तर पहिल्याच दिवशी जुन्या इन्स्पेक्टरांची यादी मागवली असती.

मनोहर जोशी रायगडातल्या नांदवीचे, घरची गरिबी, मुंबई महापालिकेत कारकून. १९६१ साली त्यांनी नोकरी सोडून कोहिनूर क्लासेस काढले. डोंबिवलीकराला ह्यातली कारकुनी कळते आणि क्लास तर फारच चांगला कळतो. आमच्या सोसायटीत सोळा बिऱ्हाडं आहेत आणि सात क्लास. एकेकाळी नोकरी सोडून क्लास काढणाऱ्याला वेडा म्हणत. आता क्लास सोडून नोकरी धरणाऱ्याला म्हणतात. जोशी सर १९९५ साली मुख्यमंत्री झाले आणि पुढे लोकसभेचे अध्यक्ष. एवढ्या दंगेखोर वर्गापुढे उभं राहायला क्लास घेतलेला माणूसच हवा होता.

छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत, मुंबईचे महापौर झाले, उपमुख्यमंत्री झाले आणि पुढे अन्न व नागरी पुरवठा मंत्री. गुलाबराव पाटलांची जळगावकडे पानटपरी होती. ते पाणीपुरवठा मंत्री झाले. माणसं रक्ताचं पाणी करतात, ह्यांनी पानाचं केलं. पिंपरी-चिंचवडला २०१८ साली राहुल जाधव महापौर झाले, तेही रिक्षाचालक. म्हणजे हे लोण ठाण्यापुरतं राहिलेलं नाही.

नातीनं विचारलं, मॉडेल कुणी होतं का? कारण तिच्या यादीत जेरल्ड फोर्ड होते आणि ते तरुणपणी मासिकांसाठी मॉडेलिंग करायचे. मी म्हटलं, आमच्याकडे फडणवीस. आमदार असताना नागपुरातल्या एका कपड्यांच्या दुकानासाठी ते मॉडेल झाले होते आणि त्यांचे फलक शहरात झळकले होते. उमेदवाराचा फोटो चौकाचौकात लावून तो ओळखीचा करायला पक्षांना किती खर्च येतो ते बघता, कपड्यांच्या दुकानदारानं तो भार उचलणं हा लोकशाहीत फार सभ्य मार्ग वाटतो. उद्धव ठाकरे फोटोग्राफर. त्यांनी विमानातून काढलेल्या किल्ल्यांच्या आणि पंढरीच्या वारीच्या फोटोंची पुस्तकं निघाली. इतक्या उंचीवरून बघण्याची सवय झाली की पायाखाली काय चाललंय ते कधी कधी राहून जातं, हे मी फोटोग्राफीबद्दल बोलतोय.

आणि ठाण्याचंच बोलायचं तर पी. सावळाराम. ज्यांच्या गाण्यांनी महाराष्ट्रातल्या घराघरातल्या बायका रडल्या, ते कवी ठाण्याचे नगराध्यक्ष होते. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन गेलेला माणूस कवीपुढे उभा राहिला की नेमकं काय बोलत असेल, हे मला फार वर्षं कुतूहल आहे. बहुधा गटाराचं राहून जात असेल आणि लेकीच्या लग्नाचं निघत असेल.

एवढी यादी झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आपले बरेच मुख्यमंत्री आधी वकील. यशवंतराव चव्हाण कराडला वकिली करत, वसंतराव नाईक विदर्भात, अंतुले बॅरिस्टर, बाबासाहेब भोसले बॅरिस्टर, विलासराव देशमुख वकील. पण ‘वकील ते मुख्यमंत्री’ अशी पट्टी टीव्हीवर कधी सरकलेली कुणी पाहिली का? लिंकनसुद्धा वकील होतेच की. पण नातीच्या प्रकल्पात ते आले टोपीतली पत्रं घेऊन, काळा कोट कुणी विचारला नाही. गोष्ट व्हायची तर पहिलं काम असं हवं की जे करताना कुणी तुम्हाला खुर्ची दिली नव्हती.

आणि दुसरं असं, की हे पहिलं काम वर पोचल्यावरच चमकतं. शिंदे मुख्यमंत्री व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या रिक्षाचं कुणी गाणं केलं नव्हतं. किसननगरच्या नाक्यावर जो आज रिक्षा पुसतोय त्याच्या बॅजकडे आपण आदरानं बघत नाही, त्याच्या मीटरकडे संशयानं बघतो. माझंच बघा. बँकेत लागायच्या आधी मी चार महिने जकात नाक्यावर ट्रकच्या पावत्या फाडल्या. पुढे नाका गेला, जकातही गेली. मी बँकेत हेडकॅशियरपर्यंत पोचून निवृत्त झालो. ‘जकात नाका ते हेडकॅशियर’ अशी पट्टी आमच्या घरच्या टीव्हीवरही आली नाही. ही म्हणते, ‘‘तुम्ही जिथपर्यंत पोचलात तिथे जायला जकात नाक्यावरून सुरुवात करायची गरज नव्हती.’’ तिला मी मुख्यमंत्री झालो नाही ह्याचं दुःख नाही. मी झालो असतो तर पंगतीला किती माणसं आली असती, ह्याची तिला धास्ती आहे.

परवा ठाण्याला लग्न होतं. परतायला उशीर झाला. डोंबिवलीत उतरलो तेव्हा रिक्षाची रांग पुलाच्या जिन्यापर्यंत. ही मागे दोन बायकांमध्ये बसली, मी नेहमीप्रमाणे चौथ्या सीटवर, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन. ड्रायव्हर पंचविशीचा असेल. काटकुळा, गळ्यात बॅजची दोरी. इंदिरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी त्याला विचारलं, ‘‘काय रे दादा, तुला नाही वाटत, आपणही कधी तिकडे मंत्रालयात जाऊन बसावं? तुमच्यातलेच गेलेत.’’

तो हसला. तेच हसू, ३० जूनच्या सकाळचं. माझ्या पोटात पुन्हा गोळा आला.

‘‘कुठलं काय काका,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी माझी नाही. परमिट एका शेठचं. मी रात्रपाळीला भाड्यानं चालवतो. दिवसाला दुसरा पोरगा असतो. शेठचे पैसे द्यायचे, गॅस भरायचा, उरलं ते आपलं. ह्यात इलेक्शन कधी लढू?’’

मागून हिनं विचारलं, ‘‘आणि तो शेठ काय करतो?’’

‘‘तो उभा राहणारे ना, नगरसेवकाला,’’ पोरगा म्हणाला आणि सिग्नल सुटायच्या आत गाडी काढली.

आम्ही घरडा सर्कलच्या अलीकडे उतरलो. मी शंभराची नोट दिली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. डोंबिवलीत रात्री साडेअकराला कुणाकडेच नसतात. तुम्ही येणार असाल तर घेऊन या.